तिसरा उद्गार

“तिसरा उद्गार, प्रमिलाबाई पारखे,” आढाव पाळकांनी वाचलं, आणि बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना आधी प्रमिलाकडे आणि मग माझ्याकडे वळल्या. मी गीतांचं पुस्तक उघडून त्यात डोळे घातले. पुस्तक उलटं धरलंय हे शेजारच्या सुमित्राकाकूंनी कोपराने ढोसून सांगितलं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये भर दुपारी तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावर असताना तो सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं उभी राहून बोलतात. सहा पुरुष असतात. बाईच्या वाट्याला एकच उद्गार येतो, तिसरा, कारण त्यात आई आहे. मरता मरता तो आपल्या आईला, मरियेला, सांगतो की हा शिष्य आता तुझा मुलगा, आणि त्या शिष्याला, योहानाला, सांगतो की ही तुझी आई. या एका उद्गारावर आमच्याकडच्या समस्त बायकांचा डोळा असतो. तसं कुणी बोलून दाखवत नाही. पण कोणत्या वर्षी तो कुणाला मिळाला, कोण खरी रडली, कोण नुसतंच नाक पुसून खाली आली आणि कुणी त्या दिवसासाठी पांढरी साडी नवी घेतली होती, हे मला आजही विचारा. माणसांचा जमाखर्च मी वही न उघडता ठेवते.

त्या वर्षी तो उद्गार मला हवा होता. दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात मेंदूज्वराची साथ आली होती. माझा विनय आणि प्रमिलाचा नोएल, दोघे एकाच वर्गातले, एकाच आठवड्यात आजारी पडले. नगरच्या दवाखान्यात दोघांच्या खाटा समोरासमोर होत्या. मंडळीने दोघांसाठी साखळी प्रार्थना लावली. एक घर संपलं की दुसऱ्या घराने धरायची, दिवसरात्र. प्रार्थनेत दोघांची नावं एका दमात घेत होते. नोएल घरी आला. विनय आला नाही.

त्यानंतर मी चर्चमध्ये जात राहिले, कारण न गेले असते तर बायका घरी आल्या असत्या. पण डोळे मिटून मी ओठसुद्धा हलवत नव्हते. ज्याने एकाच अर्जातलं एक नाव मंजूर केलं आणि दुसरं खोडलं, त्याच्याशी मला बोलायचं नव्हतं. आणि प्रमिला मात्र दर उपकारस्तुतीला उभी राहून साक्ष द्यायची. प्रभूने माझा मुलगा मरणाच्या दारातून परत दिला. शब्द दर वेळी तेच, एकही इकडचा तिकडे नाही, शाळेतली पाठ केलेली कविता म्हणावी तसे. मंडळी मात्र दर वेळी नव्याने रडायची.

प्रमिला आणि मी ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहिलो होतो. एका बादलीत कपडे भिजवले होते. पण विनय गेल्यावर ती माझ्या घरी एकदाच आली, सगळ्यांबरोबर, आणि सगळ्यांबरोबरच गेली. मी ते टिपून ठेवलं. नंतरचंही टिपत गेले. संडे स्कूलची सहल धरणावर गेली तर नोएल नाही. बाकीची पोरं सायकली पिदडत फिरायची, हा आईचा पदर धरून चालत यायचा. बारा वर्षांचा घोडा, पण बसायचा बायकांच्या बाजूला, दाराजवळच्या बाकावर, आईला चिकटून. कधी उपासना अर्धी सोडून ती त्याला घेऊन निघून जायची आणि कुणी विचारलं तर “डोकं दुखतंय त्याचं” म्हणायची. मला वाटे, मिरवते आहे. जगाला दाखवते आहे, की हा साधासुधा मुलगा नव्हे, हा देवाने हाताने परत केलेला. नोएलची पॅन्ट आखूड होत होती, आवाज फुटत होता, आणि मी प्रत्येक रविवारी त्याच्या खांद्याशी विनयचा खांदा लावून बघत होते. दुसरं माप माझ्यापाशी नव्हतं.

नावं वाचली त्याच संध्याकाळी पाळक आमच्या घरी आले.

“सलाम, मार्थाबाई.”

“सलाम साहेब. बसा. चहा टाकते.”

“चहा राहू द्या. मनात काही आणू नका म्हणून सांगायला आलो. तिसरा उद्गार तुम्हालाच द्यायचं मनात होतं. पण म्हटलं, तुम्हाला झेपायचं नाही.”

“मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, झेपतं की नाही.”

“आणखी एक गोष्ट आहे.” पाळकांचा चेहरा उजळला. चांगली कल्पना सुचली की त्यांचा चेहरा असा उजळायचा, आणि त्यांच्या चांगल्या कल्पनांची मला धास्तीच होती. “प्रमिलाबाईंचं बोलणं संपलं की नोएल उठून तुमच्याजवळ येईल. तुमच्या बाकावर बसेल. हा तुमचा मुलगा, अशा अर्थाने. मंडळीला केवढा आशीर्वाद होईल बघा.”

“मंडळीला होईल. मला काय होईल?”

“मार्थाबाई...”

“उसना मुलगा मला नको, साहेब. बाक सरकवायला पाठवा हवं तर.”

ते निघताना म्हणाले, “प्रार्थना करून बघा.” आमच्यात बोलणं संपवायचं असलं की असं म्हणतात.

माझे यजमान आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे ऐकत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, “तुला हवा होता का तो उद्गार?”

“तिला मिळायला नको होता.”

“ते नाही विचारलं मी.”

“हवा होता,” मी म्हणाले. “त्या आईला काय वाटलं असेल ते या गावात मलाच ठाऊक आहे. तिला काय ठाऊक? तिचा तर आहे.”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. “मग मनात तयार केलेलं भाषण मला म्हणून दाखव,” ते म्हणाले. भाकरी थापताना माझे ओठ हलतात, हे त्यांनी पाहिलं असणार. मी दाखवलं नाही. पण भाषण तयार होतं, आणि चांगलं होतं. त्यात एकही वाक्य असं नव्हतं की जे ऐकून प्रमिलाला खाली बघावं लागलं नसतं.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी बाजारात प्रमिला मला गाठायला आली. मी मेथी निवडत होते.

“मार्था, तू बोल ना उद्या. मी पाळकांना सांगते.”

“तुझं नको झालेलं मी कशाला घेऊ?”

“तसं नाही गं. मला जमणार नाही. आणि नोएलला इतका वेळ बसवत नाही.”

“का? राजपुत्राला उकडतं?”

मेथीवाली आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. “उद्या पोराच्या उपासाचं काय करतेस तू?” प्रमिलाने विचारलं. मला प्रश्न कळलाच नाही, कारण माझ्या घरी उपास धरायला पोर नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. “म्हणजे पाळक म्हणतात, आता बारा वर्षांचा आहे, त्याने सगळ्यांसारखा तीन वाजेपर्यंत काही खाऊ नये. मंडळी बघते त्याच्याकडे. पण...”

“मग धरू दे की उपास. एवढं मिळालंय, तर एक दिवस उपाशी राहायला काय होतं?”

ती मेथी न घेताच गेली. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी घरापर्यंत पुरवलं.

उत्तम शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये पंखे लावत नाहीत. येशू उन्हात तहानलेला टांगलेला होता आणि आपण वारा घ्यायचा, हे बरं दिसत नाही, असा जुना नियम. पत्र्याचं छप्पर, चैत्राचं ऊन, अख्खी मंडळी उपाशी. पहिला उद्गार झाला, गीत झालं. दुसऱ्या उद्गारात येशू शेजारी टांगलेल्या चोराला सांगतो की आजच तू माझ्याबरोबर स्वर्गात असशील; तो दत्तात्रय वाघचौऱ्यांनी इतका लांबवला की त्या चोराला स्वर्गात पोचायला उशीर होणार, असं सुमित्राकाकू माझ्या कानात म्हणाल्या. मग प्रमिला उठली.

तिने पांढरी साडी नेसली होती, जुनीच. ती बोलू लागली. तेच शब्द, तोच क्रम: दवाखाना, खाट, साखळी प्रार्थना. पण डोळे मंडळीवर नव्हते. ती सारखी दाराजवळच्या बाकाकडे बघत होती. मला वाटलं, पोराला खुणा करते आहे, की तयार राहा.

ती थांबली तशी पाळकांनी हाताने खूण केली. नोएल उठला आणि मधल्या वाटेने माझ्याकडे येऊ लागला. मी माझी पिशवी उचलली. मी ठरवूनच आले होते. तो जवळ आला की मी उठून बाजूच्या दाराने बाहेर जाणार होते, सगळ्यांसमोर, आणि मंडळीला काय आशीर्वाद व्हायचा तो होऊ दे.

मी उठलेच. आणि त्याचा चेहरा पाहिला.

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या पलीकडे, भिंतीच्याही पलीकडे कुठेतरी बघत होता. ओठाचा एक कोपरा ओढल्यासारखा वर जात होता. ते बघणं मी ओळखत होते. शेवटच्या दिवसांत विनय तसा बघायचा, आणि मग त्याला झटका यायचा.

पिशवी कुठे पडली मला माहीत नाही. तो खाली कोसळायच्या आत मी त्याला धरलं आणि त्याच्यासकट फरशीवर बसले. त्याचं अंग ताठ झालं, मग हातपाय झडू लागले. बाकं सरकली. कुणीतरी किंचाळलं.

“चप्पल हुंगवा, चप्पल,” वाघचौरे पायातली काढत पुढे आले.

“पायात घाला ती, काका,” मी म्हणाले. “आणि मागे सरा. त्याला वारा लागू दे.”

“चमचा, चमचा घाला दातांत...”

“काही घालायचं नाही.” दवाखान्यातल्या सिस्टरने मला सगळं शिकवलं होतं. कुशीवर वळवायचं, गळ्याचं बटण सोडायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी. माझी मांडी होती. पाळक हात वर करून मोठ्याने प्रार्थना सुरू करणार तेवढ्यात मी म्हणाले, “साहेब, पंखा.”

“अं?”

“पंखा लावा आधी.”

त्यांनी स्वतः जाऊन पंखा लावला. उत्तम शुक्रवारी पंखा फिरायची कितीतरी वर्षांत ती पहिलीच वेळ.

नोएलचं डोकं माझ्या मांडीवर आपटत होतं आणि मी त्याला धरून काहीतरी बोलत होते. आधी वाटलं, त्याच्याशीच बोलते आहे. “नाही,” मी म्हणत होते, “याला नाही. ऐकतोस ना? याला नाही न्यायचं. पुरे झालं तुझं.” मग माझ्या लक्षात आलं, मी कुणाशी बोलते आहे ते. दोन वर्षं ज्याच्यापुढे ओठ हलवले नव्हते, त्याच्याशी मी सगळ्या मंडळीदेखत भांडत होते, आणि तेही तिच्या मुलासाठी.

झटका ओसरला. अंग सैल पडलं, श्वास घुरघुरत चालू झाला. तो शुद्धीवर येणार होता. पुन्हा तिचाच परत येणार होता, माझा नाही. ते माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू, त्याचं घामेजलेलं कपाळ पुसतानाच आलं.

प्रमिला माझ्या शेजारी फरशीवर येऊन बसली होती. ती रडत नव्हती.

“पहिला झटका नाही हा,” मी म्हणाले.

“नाही. दवाखान्यातून आलो तेव्हापासून येतात. गोळी चालू आहे. ती उपाशीपोटी द्यायची नाही म्हणून आज दिली नाही.”

“तर मग खायला घालायचं होतंस की.”

“सगळी मंडळी बघत होती गं. हा त्यांच्या प्रार्थनेचा मुलगा. त्याला काही होतं, असं कसं सांगू? म्हणतील, देवाने बरं केलेल्याला गोळ्या कशाला. नाहीतर म्हणतील, माझाच विश्वास कमी पडला.”

“मला सांगायचं होतंस.”

प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं. “तुला?” ती म्हणाली. “कुठल्या तोंडाने? तुझ्यापुढे येऊन रडू, की माझ्या मुलाला झटके येतात? तू म्हणाली असतीस, तुझा आहे तरी.”

मी तेच म्हणाले असते. घरी म्हणालेच होते.

दोघातिघांनी मिळून नोएलला बाजूच्या खोलीत, सतरंजीवर नेऊन निजवलं. प्रमिला त्याच्याबरोबर गेली. मंडळी कुजबुजत पुन्हा बसली. पाळक माझ्यापाशी वाकले. त्यांचा चेहरा मुळीच उजळलेला नव्हता; कॉलर भिजली होती.

“मार्थाबाई, चूक माझी झाली. पोराला उपाशी...” त्यांनी रुमालाने मान पुसली. “तिसरा उद्गार अर्धा राहिला. तुम्ही पुरा कराल का? नाही म्हणालात तरी चालेल.”

म्हणजे अखेर तो मला मिळाला. मी पुढे गेले, आणि ज्या जागेची मी इतकी वाट पाहिली होती तिथे उभी राहिले. सगळे चेहरे समोर. भाषण तोंडपाठ होतं. पण ते ज्या बाईला ऐकवायचं होतं ती खोलीत मुलाच्या पायाशी बसली होती, आणि तिच्याविषयी मी त्यात जे जे म्हटलं होतं त्यातलं काहीच खरं उरलं नव्हतं. शेवटी जे सुचलं ते बोलले.

“मरियेला कुणी विचारलं नाही, तुला दुसऱ्याचा मुलगा चालेल का म्हणून,” मी म्हणाले. “मला विचाराल तर तिला चालला नसेल. तिला तिचाच हवा होता. मलाही माझाच हवाय. आजही, आत्ताही. योहानाचा तिला रागसुद्धा आला असेल, की हा धडधाकट उभा आहे आणि माझा वर टांगलेला. पण ती त्याच्या घरी गेली, एवढं लिहिलंय. राग गेल्यावर गेली, असं लिहिलेलं नाही. मला वाटतं, तो घेऊनच गेली.”

मी खाली आले. कुणी रडलं नाही. पाळकांनी पुढच्या गीताचा आकडा सांगितला.

तीन वाजता घंटा न वाजवता, एकमेकांना सलाम न करता सगळे घरी जातात, असा आमचा त्या दिवसाचा रिवाज. मी माझ्या घराकडे वळले नाही. नोएलचा एक हात माझ्या खांद्यावर आणि एक त्याच्या आईच्या, असे आम्ही हळूहळू पारख्यांच्या घरी गेलो. प्रमिलाचे यजमान धुळ्याला बदलीवर होते. तिने त्याला दूधभात भरवला, गोळी दिली, आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मग तिने आमच्यासाठी ताटं घेतली, आणि उपास सोडताना म्हणायची ती प्रार्थना म्हणायची वेळ आली.

“तू म्हण,” ती म्हणाली.

“तू म्हण. तू साक्ष देणारी.”

“ती पाठ केलेली आहे. गेली दोन वर्षं मला देवाची नुसती भीती वाटते, मार्था. दिलंय म्हणजे कधीतरी परत मागेल. रात्री मी नोएलच्या नाकापुढे हात धरते. डोळे मिटून प्रार्थना करायची तर तेवढा वेळ त्याच्यावरची नजर काढावी लागते.”

“मग उघड्या डोळ्यांनी कर.”

“असं चालतं?”

“मला काय विचारतेस? मी तर आज चारचौघांत देवाला दटावलं.”

ती हसली. उत्तम शुक्रवारी हसायचं नसतं, म्हणून तिने तोंडावर पदर धरला, आणि ते बघून मलाही हसू आलं. मग हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं, कळलं नाही. भात निवून गेला.

प्रार्थना शेवटी मीच सुरू केली. ती चांगली नव्हती. तिच्यात उपकारस्तुती औषधालाही नव्हती. विनयचं नाव घेऊन मी देवाला विचारलं, का. उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. प्रमिला डोळे उघडे ठेवून, खाटेकडे बघत, मध्ये मध्ये आपलं घालत होती: गोळ्यांचं, भीतीचं, ती माझ्या घरी येऊ शकली नाही त्याचं. पण ऐकणारा उठून गेलेला नाही, एवढं मला जाणवत होतं. दोन वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते, तेव्हाही तो बहुतेक तिथेच बसलेला असावा. यापलीकडे मला त्या दिवशी काही कळलं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली, आणि ते बोलणं मी पुन्हा बंद केलेलं नाही.

बोलता बोलता नोएल झोपेतच कुशीवर वळला आणि त्याने हाक मारली, “आई.”

आम्ही दोघींनीही मान वर केली.

उठायचं तिला होतं. ती उठली. मी ताटापाशी बसून राहिले आणि पुढचं बोलणं एकटीनेच चालू ठेवलं.